तीनबोटे सर

सरांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. पांढुर्ण्यात ते तीनबोटे सर. नवीन आलेल्या एका क्लार्कला तेच आडनाव खरं वाटलं आणि त्याने परीक्षेच्या ड्युटी-पत्रकावर तसं टाइप केलं. सरांनी त्याखाली मुकाट्याने सही ठोकली.

माणूस भेटला की नमस्कार, जय भीम, गुड मॉर्निंग या सगळ्याच्या आधी सरांचा हुकूम सुटायचा, "आ करा." मग स्वतःच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि दातांच्या मधून तोंडात घालून दाखवायची. तीन गेली तर सर पाठीवर थाप मारत. दोनच गेली तर त्या माणसाला बाजूला घेत, आणि मग त्याचा अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. खर्रा खाऊन खाऊन गाल आतून ताठ होत जातो, तोंड आवळत येतं, हे ते बसस्टँडवर, लग्नात, बँकेच्या रांगेत कुठंही समजावून सांगत. खर्रा म्हणजे आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात तो. पोटात अन्न नसलं तरी चालतं, खिशात पन्नी हवी.

"पयले तिखट सोसत नाही," सर सांगत. "मग घास लहान होतो. मग तोंडच उघडत नाही. माणसाले वाटते आपली तब्येत नाजूक झाली."

हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, नंतर त्यांच्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले. रोज सौसरहून बसने येते. आमच्या मध्य प्रदेशात माझ्यासारख्या तात्पुरत्या प्राध्यापकांना अतिथी विद्वान असं भारदस्त नाव आहे. पाहुणा वर्षानुवर्षं राहिला तरी घरचा होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सर वनस्पतिशास्त्राचे, कायमचे, आणि सरकारी पत्र आल्यावर ‘तंबाखूमुक्त परिसर समिती’चे प्रभारी झालेले. बाकी कुणाला ती जबाबदारी नकोच होती. सरांना मात्र ती मिळाल्यावर इतका आनंद झाला की त्यांनी स्टाफरूममध्ये संत्री वाटली.

तंबाखूच्या झाडावर त्यांचा राग नव्हता. वर्गात ते वांगं, टमाटर, आलू, मिरची अशी टेबलावर मांडून ठेवत आणि म्हणत, "हे सगळे एका घरचे. तंबाखू बी याइचाच भाऊ. चौघं लोकाइच्या पोटाले राबून राह्यले, एक वाया गेला. घरात असा एक निघते. त्याच्यापायी घराले नावं ठेवायची नसतात."

समितीची पहिली बैठक मला चांगली आठवते. प्राचार्य अध्यक्ष होते. त्यांनी तंबाखूच्या दुष्परिणामांवर भाषण केलं ते हनुवटी वर करून, छताकडे बघत, ओठ जेमतेम हलवत. तोंडात ऐवज भरलेला असला की माणूस असाच बोलतो, नाहीतर ओघळ शर्टावर येतो. सर त्यांच्याकडे एकटक पाहत होते. मला घाम फुटला, कारण हे आता म्हणणार "आ करा". पण सरांनी बैठक संपू दिली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, ज्याची हनुवटी वर, त्याचं तोंड भरलेलं. तपासायची बी गरज नाही. हे ध्यानात ठेवा."

नियम असा की शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही. पत्र आलं तसं सर एका रविवारी टेप आणि पिवळ्या रंगाचा डबा घेऊन रस्त्यावर उतरले आणि स्वतः वाकून आडवी पट्टी मारली. फाटकासमोरचा पानठेलेवाला गजू हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहत होता.

"सर, ठेला पट्टीच्या इकडं लावू का तिकडं?"

"तिकडं."

"जमलं."

दुसऱ्या दिवशी ठेला पट्टीच्या पलीकडे. चाक पट्टीला लागून. आठवड्याभरात त्याच्यावर फलक लागला, ‘पिवळी पट्टी पान सेंटर’. पोरं एकमेकांना फोनवर सांगू लागली, "पट्टीवर ये." धंदा पूर्वीपेक्षा वाढला. सर एकदा त्याच्याशी भांडायला गेले तेव्हा गजूने त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, "सर, तुमी सावरगावचे. दरसाल गोटमारीत आपले लोक हसत हसत डोकी फोडून घेतात. पोलीस येते, कलेक्टर येते, कोणी आयकते का? अन तुमच्या बोर्डावरच्या सडलेल्या तोंडाच्या फोटोले भिईन लोक?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, त्या जत्रेला आम्ही गोटमार म्हणतो. नदीच्या पलीकडे सावरगावातच त्यांचं घर होतं. पूल ओलांडून ते चालत येत, आणि त्या दिवशी ते स्टुलावरून उठून तसेच पूल ओलांडून परत गेले.

जिन्याच्या कोपऱ्यांत लोक थुंकत. इतर ऑफिसांत तिथं देवांच्या फरशा बसवतात. प्राचार्यांनीही तेच सुचवलं, पण सर म्हणाले की देवांना अशी ड्युटी लावू नका, मी दुसरा उपाय करतो. त्यांनी आरसे लावले. थुंकायला वाकलेल्या माणसाला स्वतःचं तोंड दिसलं की तो लाजेल, असा त्यांचा हिशेब. लोक आरशावर थुंकले. मग सर रोज पहिल्या तासाआधी बादली आणि फडकं घेऊन आरसे पुसत. मी जिना चढताना मला सांगत, "कालच्यापेक्षा कमी आहे." कमी नसायचं. त्यांना तसं सांगायला मला जीव होत नसे.

विहारातही त्यांनी हाच घोळ घातला होता. पौर्णिमेची वंदना झाली, पंचशील म्हणून झालं आणि माणसं बाहेर येऊन चप्पल घालता घालता पन्न्या काढू लागली. सर पायरीवर उभे राहून ओरडले, "आताच पाचवं शील घेतलं ना? नशा नाही करणार म्हणून? तोंडातला शब्द वाळला नाही अन खर्रा भरला?" एका म्हाताऱ्या बाबांनी पन्नी घोटत घोटतच त्यांना सांगितलं, "पाचव्या शिलात दारू हाय, बापू. खर्रा कुटी हाय?" सगळे हसले. सर हसले नाहीत. ते खरोखर घरी जाऊन अर्थ लावत बसले आणि पुढच्या पौर्णिमेला उत्तर घेऊन आले. तोवर सगळे विसरले होते.

एवढी निराशा पचवून हा माणूस उभा कसा, असं कुणी विचारलं तर त्यांच्याकडे एकच उत्तर असे. मुली.

"पोरी पाहा," ते म्हणत. "एका तरी पोरीनं कोपऱ्यात थुंकलेलं दाखवा. कॉलेज वाचलं तर पोरीइच्या भरोशावर वाचेल."

परीक्षेच्या दिवशी सर फाटकात उभे राहत. मुलांची रांग लागे. आ करा, तीन बोटं, जा. मुली आल्या की सर बाजूला सरकत आणि हाताने वाट दाखवत, "पोरींनो, तुमी जा." आमच्याकडे उन्हापायी मुली डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधतात. एकामागून एक बांधलेली तोंडं आत जात. मी एकदा सहज विचारलं होतं, मुलींना का नाही तपासत? सर ओशाळले. "मॅडम, परक्या लेकीले आ कर म्हणणं बरं दिसते का? अन गरज बी काय?"

त्या मुलींमध्ये त्यांची स्वतःची मुलगी होती. पल्लवी. आमच्याच कॉलेजातून बी.एस्सी., मग एम.एस्सी. हुशार, कमी बोलणारी, वडिलांच्या आरशांची थट्टा निमूट सोसणारी. सरांना तिचं फार कौतुक. अलीकडे ती मिरचीला हात लावत नाही, फिकं वरण आणि मऊ भात खाते, तेही चिमणीसारखं, हे ते स्टाफरूममध्ये अभिमानाने सांगत. "तिनं तिखट सोडलं. साधी राहणी. आजकालच्या पोरीइमंदी कुठं दिसते?"

आपणच रस्त्यावर उभं राहून लोकांना जे घोकून सांगतो, ते आपणच आता घरचं म्हणून सांगतोय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ऐकणाऱ्या आम्हा कुणाच्याही लक्षात आलं नाही.

तिचं मोहगावच्या एका मुलाशी जमलं. मुलगा शिक्षक, घर चांगलं, घाई नाही, मागणी नाही. सावरगावला सरांच्या दारात साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, मांडव घातला. मी सौसरहून सकाळीच गेले होते. सर त्या दिवशी नव्या सदऱ्यात होते आणि आलेल्या प्रत्येक पुरुषाला आ करा म्हणत होते. मुलाकडची माणसं हसून तीन बोटं दाखवत होती. नवऱ्या मुलाने तर चार घालून दाखवली. सर इतके खूश झाले की त्यांनी त्याला मिठीच मारली.

बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोला फुलं वाहिली, मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण झालं, पंचशील झालं. पाचव्या शिलाला सरांचा आवाज नेहमीप्रमाणे इतरांपेक्षा मोठा निघाला. साडी दिली, अंगठ्या घातल्या. मग तोंड गोड करायची वेळ आली. मुलाच्या आईने ताटातला पेढा उचलला. ताट सरांच्याच हातात होतं.

पल्लवीने दातांनी पेढ्याचा कण तोडला.

"असं नाही वो," मुलाची आई प्रेमाने म्हणाली. "सासूच्या हातचा अख्खा घ्या लागते. आ कर बाई."

बायका हसल्या. पल्लवी खाली बघत राहिली. पुन्हा आग्रह झाला. तिने तोंड उघडलं. म्हणजे तिच्या मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण दात फक्त एवढेसे विलग झाले. पेढा दातांवर दाबला गेला आणि त्याचा चुरा तिच्या साडीवर पडला. कुणीतरी म्हणालं, लाजून राह्यली.

मी सरांकडे पाहिलं. ते पल्लवीच्या दातांमधली फट बघत होते. त्यांनी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. आत नेऊन विचारायला हवं होतं. उद्या, परवा, कधीही विचारायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची सवय त्या माणसाच्या जिभेवर बसली होती आणि ती त्यांच्याआधी बोलली.

"पल्लवी. तीन बोटं."

आतापर्यंत मांडवातल्या पुरुषांनी ती बोटं हसत हसत दाखवली होती, त्यामुळे काय चाललंय ते सगळ्यांना कळत होतं. पल्लवीने वडिलांकडे पाहिलं. नाही म्हणाली असती तरी चाललं असतं. तिने मेंदीचा हात वर केला, तीन बोटं जुळवली, ओठांपर्यंत नेली. मग एक बोट मिटलं. मग दुसरं. एकच बोट कसंबसं आत गेलं आणि तिथेच ती रडायला लागली. सरांच्या हातातलं ताट मी धरलं, नाहीतर पडलं असतं.

मुलाकडचे चांगले लोक होते. आरडाओरडा नाही, अपमान नाही. जेवले, पाया पडले, आणि जाताना "पाहतो, कळवतो" म्हणाले. कळवायचं काही राहिलं नव्हतं. ते गेल्यावर सरांच्या बायकोने एवढंच म्हटलं, आणि ते मी विसरू शकत नाही.

"दुनियेच्या पोट्ट्याइची तोंडं पाहत फिरले. पोटच्या पोरीचं पाह्यलं नाही, अन पाह्यलं तं कवा पाह्यलं!"

नंतर सरांनीच मला सगळं सांगितलं. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. ते खिडकीबाहेर बघत बोलत होते, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट. पल्लवीला त्यांनी विचारलं, कुठं लागलं हे? ती म्हणाली, "कॉलेजातच, बाबा. आमच्या रूममंदी." म्हणजे मुलींच्या कॉमन रूममध्ये. परीक्षेच्या दिवसांत जागरणासाठी मैत्रिणीने चिमूटभर दिला, मग रोजचा झाला. खर्रा पट्टीवरूनच यायचा, स्कार्फच्या गाठीत बांधून. सर म्हणाले, पण तुमी थुंकत कुठं होत्या?

"थुंकतच नाही, बाबा. गिळतो आमी."

हे सांगून सरांनी खिडकीची कडी लावली. मग म्हणाले, "म्हणून कोपरे साफ होते, मॅडम."

पुढच्या सोमवारी ते फाटकात उभे राहिले. आधी मुलांची रांग लागे तिथं आता त्यांनी मुलींना थांबवलं. स्कार्फ सोडा, आ करा, तीन बोटं. आवाज बरा नव्हता. दाढी वाढलेली होती. काही मुली घाबरल्या, काहींनी तोंड फिरवलं. एकीचा स्कार्फ सुटेना तर सरांनी गाठीला हात लावला. समोरून कुणीतरी मोबाइलवर हे सगळं टिपत होतं. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर गाणं बसवून व्हिडिओ पांढुर्ण्याच्या घराघरांत पोचला. दुसऱ्या दिवशी लोधीखेड्याच्या एका मुलीचे वडील चारपाच माणसं घेऊन प्राचार्यांच्या खोलीत आले.

"आमच्या पोरीइच्या तोंडात काय पाहून राह्यला हा मास्तर? घरी लेकीचं लग्न मोडलं म्हणून डोकं फिरलं का त्याचं?"

ज्या दिवशी हा माणूस पहिल्यांदा योग्य ठिकाणी उभा राहिला, त्याच दिवशी तो सगळ्यांना वाईट दिसला. मला याचा संताप येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही. त्या वडिलांचं तरी काय चुकलं? माझ्या मुलीच्या स्कार्फला कुणी हात लावला असता तर मीही गेले असते. प्राचार्य छताकडे बघत म्हणाले, "सर, आता तुमी आराम करा." सरांकडून समिती काढून घेतली. चौकशी नको म्हणून त्यांनी लांब रजा टाकली आणि तिथूनच निवृत्ती मागितली.

त्याच हिवाळ्यात तपासणी पथक आलं. आधी रंगरंगोटी झाली. जिन्यातले आरसे निघाले, कोपरे गेरूने रंगवले, म्हणजे डाग दिसत नाहीत. पिवळी पट्टी पुन्हा ठळक केली. पथकाने पट्टी पाहिली, फलक पाहिले, पट्टीवरच चहा घेतला. कॉलेज तंबाखूमुक्त जाहीर झालं. प्राचार्यांनी समितीचं प्रभारीपण माझ्या गळ्यात घातलं, बाई आहे, तक्रार येणार नाही म्हणून.

मी सरांना सांगायला सावरगावला गेले. ते ओट्यावर बसले होते, समोर पल्लवी. नागपूरच्या डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि जमेल तशी एक एक वाढवायची. सर एक काडी त्या चळतीत सरकवायचा प्रयत्न करत होते. ती जात नव्हती. पल्लवीने डोळ्यांनी बस म्हटलं. सरांनी काडी परत काढली, सदऱ्याला पुसली, खिशात ठेवली. मग संत्रं सोललं, फोडीची साल काढली आणि आतला गर नखाने वेगळा करून तिच्या तळहातावर ठेवला. हे सगळं ते इतक्या सावकाश करत होते की मला बघवेना.

ओट्यासमोरून गावातली माणसं जात होती, एकालाही त्यांनी आ करा म्हटलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तंबाखूमुक्त झाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. प्रभारी मी आहे म्हटल्यावर मात्र वर पाहिलं.

"मॅडम, तुमी पोरीइच्या रूममंदी जाऊ शकता."

"हो, सर."

"जाल ना? मी कधी गेलोच नाही. दारावरूनच मागं फिरत होतो. तुमी जाल ना?"

जाईन म्हटलं. पल्लवी तळहातावरचा गर एकेक करून ओठांच्या फटीतून आत ढकलत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी मुलींच्या कॉमन रूममध्ये गेले. दार लावून घेतलं, आधी स्वतः तीन बोटं घालून दाखवली, सरांसारखंच सगळं सांगितलं, तिखटापासून. मुली खिदळल्या. मॅडम पण तीनबोटे झाल्या, अशी कुजबुज झाली. हसत हसत का होईना, एकेकीने आ केलं. बहुतेकींची बोटं गेली. मला जरा धीर आला.

खिडकीशी एक मुलगी स्कार्फ न सोडता बसली होती. पहिल्या वर्षाची असावी. वर्गात पाहिल्याचं आठवत नव्हतं. मी जवळ गेले, तिच्या शेजारी बसले, नाव विचारलं. ती बोलली नाही. पुन्हा विचारलं. आजूबाजूचं हसणं थांबलं. स्कार्फच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते माझ्याकडे नव्हते. तिची हनुवटी वर होती. ती छताकडे बघत होती.

मी थांबले. स्कार्फखाली तिचा गळा एकदा हलला. मग तिने हनुवटी खाली घेतली आणि गोड आवाजात म्हणाली, "उद्या दाखवीन, मॅडम."